नळीच्या बुडाचा पेच

बंदुकीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या तोंडाकडे पाहतात. ती कोणत्या रणांगणावर कडाडली, तिच्या बळावर कोणाचे राज्य तरले आणि कोणाचे बुडाले, याचा तपशील ग्रंथांतून हवा तेवढा मिळतो. बंदूक घडविणाऱ्या लोहाराचे लक्ष मात्र तिच्या बुडाकडे असे. गोळी बाहेर पडते त्या टोकाची त्याला फारशी चिंता नव्हती. दारू जेथे पेट घेते, जेथे नेमबाजाचा गाल आणि डोळा टेकलेला असतो, ते मागचे टोक कसे बंद करावे, हा त्याचा खरा प्रश्न होता. या एका प्रश्नाभोवती सोळाव्या शतकातील एक मोठी कथा गुंफलेली आहे. तिचा एक धागा गोव्याच्या लोहारआळीतून निघतो आणि दुसरा जपानच्या दक्षिणेकडील एका बेटावर जाऊन पोहोचतो. त्याच सागरी वाटेने आपल्या श्रद्धेचा एक थोर दूतही गेला, म्हणून ही कथा आपण नजरेआड करू नये असे आम्हांस वाटते.

प्रथम ही लोहारकी समजून घेऊ. जुन्या काळी बंदुकीची नळी भोके पाडून करीत नसत. लोखंडाची पट्टी भट्टीत लाल करायची, ती एका सळईभोवती गुंडाळायची, कडा ऐरणीवर घणाने ठोकून एकजीव करायच्या आणि मधली सळई काढून घ्यायची. पुढे ती आतून घासून गुळगुळीत करायची. अशा रीतीने केलेली नळी साहजिकच दोन्ही टोकांनी उघडी राहते. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी पुढून गजाने ठासतात, तेव्हा मागचे टोक बंद असलेच पाहिजे. दारूचा भडका उडाला की तिचा वायू पुढेही ढकलतो आणि मागेही ढकलतो. त्याला पुढे पळावयास गोळी आहे. मागे असेल तर तो नेमबाजाचा चेहराच आहे.

मग नळीच्या बुडात लोखंडाचे बूच ठोकून बसवावे, तर ते आज ना उद्या सुटणार. तापवून कायमचे जोडून टाकावे, तर सुटण्याचा धोका कमी होतो, पण दुसरी अडचण उभी राहते. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग राख आणि क्षार होऊन मागे उरतो. हा क्षार हवेतली ओल ओढून घेतो. आपल्या किनाऱ्यावरच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात कुलपाच्या किल्ल्यासुद्धा गंजतात, तेथे अशा नळीच्या बुडाशी काय होत असेल याची कल्पना कोणासही करता येईल. गंज आतून लोखंड खातो, बाहेरून काही दिसत नाही आणि एके दिवशी नळी फुटते. शिवाय ओल्या दारूमुळे बार न उडता गोळी आत अडकून बसते ती वेगळीच. म्हणजे बूड असे हवे की बार उडताना ते तसूभरही हलू नये आणि लोहाराने उघडू म्हटले तर मात्र उघडावे. या दोन परस्परविरोधी मागण्या एकदम पुऱ्या करणारी एकच युक्ती माणसाच्या हाती होती, ती म्हणजे आटे पाडलेला पेच. नळीच्या आतल्या अंगास आटे, बुचाच्या बाहेरच्या अंगास आटे. फिरवून बसविले की स्फोटाचा सारा जोर त्या आट्यांवर वाटला जातो, आणि उलटे फिरविले की नळी आरपार उघडते.

सोळाव्या शतकाच्या प्रारंभी युरोपात बोहेमियाच्या बंदूक-कारागिरांचे नाव मोठे होते. आश्चर्याची गोष्ट अशी की त्यांच्या तोडीची विद्या त्याच वेळी गोव्यातही नांदत होती. अफोन्सो द आल्बुकेर्क याने नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा विजापूरच्या आदिलशाहीकडून दुसऱ्यांदा आणि कायमचा जिंकला. गोव्याचे बंदर त्यापूर्वीच शस्त्रे आणि जहाजे बांधण्याचे केंद्र होते. १५०९ साली दीवच्या समुद्रात इजिप्तच्या आरमाराचा पोर्तुगीजांनी पराभव केला, त्यानंतर ज्यांना त्या काळी रूमी म्हणत अशा पुष्कळ लोकांनी गोव्यात आसरा घेतला होता. तुर्कांची तोफ-बंदुकीची विद्या, दख्खनच्या लोहारांचा हात आणि व्यापाऱ्यांचा पैसा असे तिन्ही तेथे एकत्र आले होते.

१ डिसेंबर १५१३ रोजी आल्बुकेर्कने राजा दों मानुएल यास पाठविलेल्या पत्रात या कारागिरांविषयी लिहिले आहे. गोव्याचे उस्ताद बोहेमियातल्या बंदुकांइतक्या चांगल्या बंदुका करतात आणि त्यांच्या बुडाशी पेचाचे बूच असते, असा त्याचा अभिप्राय. त्यांच्या कामाचे नमुने आणि एक गोवेकर उस्ताद आपण लिस्बनला रवाना करीत आहोत, तो तेथे राजासाठी काम करील, असेही तो कळवितो. आल्बुकेर्क हा तोंडपूज्या स्तुती करणारा गृहस्थ नव्हता. जिंकलेल्या शहरातील लोहाराची तुलना तो युरोपातल्या उत्तम लोहाराशी करतो, आणि ती करताना इतर सारे सोडून बुडाच्या पेचाचा मुद्दाम उल्लेख करतो, यावरून कारागिरी पारखण्याची खूण तेव्हा कोठे शोधत हे कळते. पोर्तुगीजांनी पश्चिमेची विद्या पूर्वेस आणली, असे आपण अगदी सहजपणे म्हणून जातो. या पत्रातील उस्तादाचा प्रवास नेमका उलट्या दिशेचा आहे. गोव्याच्या इतिहासात चर्चची बांधकामे, व्हाइसरॉयांच्या कारकिर्दी आणि धर्मपरिषदा यांची दखल पानोपानी घेतली गेली. भाता आणि ऐरण यांना मात्र तेथे फारशी जागा मिळालेली नाही. तसे पाहता आम्हा धर्मगुरूंनीच हा इतिहास पुष्कळसा लिहिला आहे, तेव्हा दोष कोणाला देणार!

आता तीस वर्षे पुढे जाऊ. जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिणेस तानेगाशिमा नावाचे एक लांबट बेट आहे. २३ सप्टेंबर १५४३ रोजी, जपानी पंचांगाप्रमाणे तेन्बुन कालगणनेच्या बाराव्या वर्षी आठव्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी, शंभराहून अधिक माणसे असलेले एक चिनी जहाज त्या बेटाच्या किनाऱ्यास लागले. ही हकीकत आपणास सांगतो तो नानपो बुन्शी नावाचा झेन पंथाचा भिक्षू. त्याने १६०६ साली ‘तेप्पो-की’ म्हणजे ‘बंदुकीची बखर’ हा लहानसा ग्रंथ लिहिला. धर्मपुरुषाने बंदुकीविषयी का लिहावे, असे कोणी आम्हांस विचारील तर बोट दाखवावयास हे एक पूर्वोदाहरण आहे. हा ग्रंथ घटनेनंतर साठ वर्षांनी आणि त्या बेटाच्या सरदार घराण्यासाठी लिहिलेला असल्यामुळे त्यात घराण्याचा गौरव आहे, हे ध्यानी ठेवून तो वाचावा लागतो. पोर्तुगीज लेखकांत आंतोनियु गाल्व्हाव आणि गोव्यात दप्तरखान्याचा प्रमुख म्हणून राहिलेला दियोगु दु कोउतु हे दोघे जपानशी झालेल्या पहिल्या भेटीचे साल १५४२ देतात. एका वर्षाचा हा वाद अद्याप मिटलेला नाही. आमच्या विषयास त्याने बाध येत नाही.

जहाजावरील परक्यांची भाषा गावात कोणासही कळेना. तेव्हा गावचा मुखिया ओरिबेनोजो आणि जहाजावरचा एक सुशिक्षित चिनी गृहस्थ यांनी काठीने समुद्राच्या वाळूत चिनी अक्षरे लिहून संवाद केला. दोघांचे उच्चार वेगळे, पण लिपी समान! हे परके कोण, असे मुखियाने वाळूत विचारले. हे दक्षिणेकडचे व्यापारी आहेत, असे उत्तर वाळूत मिळाले. त्यांच्यापैकी दोघांपाशी हातभर लांबीहून मोठी, जड, सरळ, आतून पोकळ आणि एका टोकास बंद अशी विलक्षण वस्तू होती. बेटाचा अधिपती तोकिताका तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याने ती वस्तू चालविण्याचे शिक्षण घेतले आणि किमतीची पर्वा न करता दोन बंदुका विकत घेतल्या. दारू करण्याची कृती त्याने आपल्या एका सेवकास शिकावयास लावली, आणि बंदूक उघडून तशीच दुसरी घडविण्याचे काम लोहारांवर सोपविले.

या बंदुका कोठल्या? त्यांची ठेवण, विशेषतः जामगी धरणारा घोडा कमानीच्या जोराने पुढे झेपावणारा असणे, ही पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील वसाहतींत घडणाऱ्या बंदुकांची लक्षणे होत, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. गोवा आणि मलाक्का ही नावे त्या संदर्भात घेतली जातात. त्या विशिष्ट दोन नळ्या गोव्याच्याच ऐरणीवर ठोकलेल्या होत्या असे छातीठोकपणे म्हणणे हा उतावीळपणा होईल. परंतु जहाजे ज्या वाटेने गेली ती वाट गोव्याहून निघणारी होती, आणि त्या वाटेवर पेचाच्या बुडाच्या बंदुका करणारे उस्ताद तीस वर्षांपूर्वीपासून होते, एवढे निश्चित आहे.

तानेगाशिमाचे लोहार काही नवखे नव्हते. त्या बेटाच्या पुळणीत लोहयुक्त वाळू सापडते आणि तेथील कात्र्या आजही नावाजलेल्या आहेत. किन्बेई कियोसादा हा लोहार तर तलवारींसाठी प्रसिद्ध असलेल्या मिनो प्रांतातील सेकी गावचा, असे परंपरा सांगते. ज्यांच्या तलवारीची धार जगात अजोड, त्यांना नळी घडविणे काय जड? बाहेरचे रूप त्यांनी हुबेहूब उतरविले. नळी झाली, कान झाला, घोडा झाला, दस्ता झाला. अडले ते बुडापाशी. तेप्पो-की हे स्पष्टपणे नमूद करते की रूप साधले, पण बूड बंद कसे करावे हे त्यांना उमगेना.

हे का घडले असावे, याचा थोडा विचार करण्यासारखा आहे. जपानात तोपर्यंत पेच ही वस्तूच ठाऊक नव्हती. सुतारकामात लाकडाच्या खाचा आणि खुंट्या, लोखंडकामात रिबीट आणि पाचर, यांवर त्यांचे सारे भागत असे, आणि उत्तम भागत असे. जी गोष्ट माणसाने कधी पाहिलेली नाही, तिची केवळ कड पाहून आतले गुपित ओळखणे कठीण असते. बुचाच्या बाहेरच्या अंगाचे आटे तरी बूच काढल्यावर डोळ्यांना दिसतात. सळईभोवती दोरा तिरका गुंडाळून खूण करावी आणि कानशीने खाच पाडावी, हे हुशार लोहारास सुचू शकते. नळीच्या आतले आटे मात्र बोटभर रुंद अंधाऱ्या भोकात असतात. तेथे कानस चालत नाही आणि नजरही पोहोचत नाही. तलवारीच्या विद्येत या अडचणीसारखे काहीच नव्हते.

पुढच्या वर्षी, १५४४ मध्ये, परदेशी व्यापारी पुन्हा त्या बेटाच्या कुमानो नावाच्या बंदरात आले. त्यांच्यात एक लोहार होता. तोकिताकाने ही देवाचीच देणगी मानली आणि किन्बेईला त्याच्यापाशी शिकावयास बसविले. काही काळाने किन्बेईला बूड फिरवून बसविण्याची कळ साधली, आणि वर्षभरात त्या बेटावर कित्येक दशके बंदुका तयार झाल्या. त्या परदेशी लोहाराचे नाव झेन भिक्षूने दिलेले नाही. बंदुका विकणाऱ्या दोघा व्यापाऱ्यांची नावे मात्र त्याने जपानी उच्चारांत का होईना जपून ठेवली आहेत. पुस्तके लिहिणारे लोक व्यापाऱ्यास ओळखतात आणि लोहारास विसरतात, हा अनुभव समुद्राच्या दोन्ही तीरांवर सारखाच दिसतो.

बेटावरच्या लोकपरंपरेत या विद्येची किंमत वेगळीच सांगितली जाते. किन्बेईला वाकासा नावाची मुलगी होती. पेचाचे गुपित मिळावे म्हणून त्याने तिचा विवाह एका पोर्तुगीजाशी लावून दिला. ती त्याच्याबरोबर जहाजाने परदेशी गेली, पुढील वर्षी परत आली, आणि पुन्हा जावे लागू नये म्हणून ती आजारी पडून मरण पावल्याचे सोंग घरच्यांनी रचले, खोटी अंत्ययात्राही काढली, अशी ती कथा आहे. तिचा आधार किन्बेईच्या वंशजांची वंशावळ हा आहे. तेप्पो-कीत वाकासाचे नाव नाही. इतिहासकार म्हणून पाहिले तर ही कथा खरी मानण्यास पुरेसा पुरावा नाही. तरीही त्या बेटावर तिच्या नावाची बाग आहे आणि तिची आठवण लोकांनी चारशे वर्षे टाकलेली नाही. आमच्या मते लोकांची स्मृती येथे एक हिशेब मांडते, जो सरदाराच्या बखरीत मांडला गेला नाही. बखरीत मोल द्रव्यात आहे आणि ते देणारा उदार म्हणून शोभतो. लोककथेत मोल एका मुलीचे आहे, आणि ते देताना तिला कोणी विचारले असेल असे कथेत कोठेही सूचित होत नाही. धर्मग्रामात राहून ज्यांनी घरोघरीचे सोयरिकीचे व्यवहार पाहिले आहेत, त्यांना या कथेतले सत्य कोठे आहे ते सांगावे लागणार नाही.

याच पेचाची दुसरी एक कथा जपानच्या मुख्य बेटावर, बिवा सरोवराकाठच्या कुनितोमो गावात सांगतात. शोगुनाकडून नमुन्यादाखल आलेली बंदूक पाहून तेथील लोहार असेच बुडापाशी अडले. तेव्हा जिरोसुके नावाच्या लोहाराने टवका उडालेल्या धारेची एक लहान सुरी घेऊन तिने मुळा कोरला. सुरी गोल फिरली तशी त्या तुटक्या धारेची रेघ मुळ्याच्या गरात चक्राकार उमटत खाली गेली, आणि पेच म्हणजे काय हे त्याच्या ध्यानी आले. कुनितोमोकरांची ही कथा म्हणजे आम्हाला कोणी शिकविले नाही, आम्हीच शोधले, हा गावाचा अभिमान आहे. अशा अभिमानकथा आपल्याकडेही गावोगावी आहेत आणि त्यांना हसू नये. मुळ्यात पडलेली रेघ आतल्या अंगाची आहे, हे येथे विशेष! म्हणजे कथा रचणाऱ्यास खरी अडचण कोठे होती हे पक्के ठाऊक होते. प्रत्यक्षात आतले आटे कसे पाडीत असतील? आधी आट्यांचे बूच तयार करायचे, नळीचे टोक तापवून मऊ करायचे, बूच आत घालून बाहेरून घणाचे घाव घालायचे, म्हणजे मऊ लोखंड बुचाच्या खाचांत जाऊन बसते. थंड झाल्यावर बूच फिरवून काढायचे. जपानी संशोधकांपैकी अनेकांचा कल या उपपत्तीकडे आहे. असे असेल तर प्रत्येक नळीचे बूच तिचे एकटीचे. एकीचे दुसरीला बसणार नाही. सर्वत्र सारखे आटे असावेत ही कल्पना इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने मांडली ती १८४१ साली. आणि नवल म्हणजे त्यानेही पुढे रायफल घडविण्यात लक्ष घातले.

तानेगाशिमाहून ही विद्या वेगाने पसरली. कीई प्रांतातील नेगोरो मठाने एक बंदूक मिळविली. साकाई बंदराचा मातासाबुरो नावाचा व्यापारी बेटावर एक-दोन वर्षे राहून सारे शिकून परतला, आणि पुढे लोक त्याला बंदूकवाला माता म्हणूनच ओळखू लागले. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या बाजूने तीन हजार बंदुका होत्या, असे परंपरेने सांगितले जाते; आकड्याबद्दल आज मतभेद आहेत. लढायांचा भाग आम्ही येथे सोडून देतो, तो इतरत्र विपुल आहे.

आपल्याला थांबून पाहिले पाहिजे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. किन्बेईने बूड बंद केले त्यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबर १५४७ मध्ये, मलाक्का येथे संत फ्रान्सिस झेवियर यांची भेट कागोशिमाच्या आन्जिरो नावाच्या जपानी माणसाशी झाली. आन्जिरोच्या हातून मनुष्यवध झाला होता आणि तो पोर्तुगीज जहाजावरून पळाला होता. त्याला गोव्यास आणले गेले, सेंट पॉल महाविद्यालयात तो शिकला आणि १५४८ साली गोव्यातच त्याचा स्नानसंस्कार झाला. पुढील वर्षी एप्रिलमध्ये झेवियर त्याच्यासह गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी, मरिया मातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, कागोशिमास उतरले. तानेगाशिमा बेट तेथून फार दूर नाही. वाट तीच, जहाजवालेही त्याच व्यवसायातले.

झेवियरांची इच्छा सम्राटास भेटून धर्मप्रसाराची परवानगी मिळविण्याची होती. १५५१ च्या आरंभी ते मियाको म्हणजे क्योतो येथे गेले, पण युद्धाने उजाड झालेल्या त्या नगरीत फाटक्या वस्त्रांतील परदेशी संन्याशाला कोणी आत घेतले नाही. तेव्हा ते यामागुचीस आले, चांगला पोशाख केला, आणि सम्राटासाठी आणलेल्या भेटी तेथील बलाढ्य अधिपती ओउची योशिताका यास अर्पण केल्या. घड्याळ होते, वाद्य होते, चष्मा होता, काचेची भांडी होती, आणि एक बंदूकही होती. अधिपती प्रसन्न झाला. त्याने उपदेशाची मोकळीक दिली आणि राहावयास एक रिकामा बौद्ध मठ दिला.

या यादीतील घड्याळाचा आणि चष्म्याचा उल्लेख आपल्या चरित्रग्रंथांत आवर्जून येतो. बंदुकीपाशी मात्र लेखणी थोडी अडखळते. काही लेखक ती वगळतात, काही ‘इतर वस्तू’ या शब्दांत तिला गुंडाळतात. आम्हांस हे योग्य वाटत नाही. राजास भेट देताना त्याला जे प्रिय ते द्यावे, हा त्या काळचा रिवाज होता आणि त्या भेटी राज्याधिकाऱ्यांनी दिलेल्या होत्या, हे खरे आहे. झेवियरांनी स्वतः कधी शस्त्राचा आधार मागितला नाही, अनवाणी हिमातून चालले, हेही तितकेच खरे. पण शुभवार्ता आणि बंदूक एकाच पेटाऱ्यातून त्या दालनात गेली, हे सत्य त्याने पुसले जात नाही. गोव्यास बॉम जेझू बॅसिलिकेत त्यांच्या अवशेषांपुढे आपण गुडघे टेकतो, तेव्हा त्यांच्या पावित्र्यावर आपला विश्वास असतो. त्या विश्वासाला इतिहासाचे एक पान फाडण्याची गरज भासू नये. उलट, ज्या पोर्तुगीज छत्राखाली आपल्या पूर्वजांनी श्रद्धा स्वीकारली, त्या छत्राची काठी कशाची होती हे आपण निर्भयपणे पाहिले पाहिजे.

आता पुन्हा लोहाराच्या ओट्याकडे वळू. जपानी बंदूक दुरुस्तीस आली की लोहार प्रथम दस्त्यातील बांबूच्या बारीक खुंट्या एकेक करून बाहेर ढकलतो. त्या निघाल्या की नळी दस्त्यातून अलगद उचलून घेता येते. मग बुडाच्या पेचाचे चौकोनी शेपूट पकडीत धरून तो पेच उलटा फिरवितो. साऱ्या बंदुकीत बहुधा खरा पेच तेवढा एकच. तो वर्षानुवर्षे उघडला नसेल तर क्षार आणि गंज यांनी आट्यांत घट्ट सांधा केलेला असतो. तेल मुरवावे, धीर धरावा, घाईने जोर लावला तर आटे तुटतात आणि नळी कायमची निकामी होते. पेच निघाला की नळीतून आरपार उजेड दिसतो, आणि आतला प्रत्येक ओरखडा, प्रत्येक खड्डा नजरेस पडतो. नळी दस्त्यातून काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसते. घडविणाऱ्या लोहाराचे आणि त्याच्या गावाचे नाव नळीच्या खालच्या अंगावर कोरलेले असते, दस्त्याच्या खाचेत झाकलेले. बंदूक खांद्यावर घेऊन मिरविणाऱ्यास ते कधी दिसत नाही. ते दिसते फक्त पुढच्या पिढीतल्या दुरुस्ती करणाऱ्या लोहारास.

पुढे एकोणिसाव्या शतकात काडतूस मागून भरण्याची रायफल आली, तेव्हा बुडाचे बूच गेले. पेच मात्र गेला नाही. त्याने जागा बदलली. आता नळीच्याच मागच्या टोकावर बाहेरून आटे पाडतात आणि ती रायफलीच्या मुख्य अंगात फिरवून घट्ट बसवितात. बंगालमधील इछापूरच्या कारखान्यात घडलेली थ्री-नॉट-थ्री रायफल निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्राबाहेर उभ्या असलेल्या शिपायाच्या खांद्यावर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. तिची नळीही अशीच बसविलेली असे. नळी झिजली की शस्त्रागारातील कारागीर ती मजबूत शिकंज्यात धरून, अंगाला जाड पाना लावून काढी. नवी बसविताना ती नुसती घट्ट होऊन भागत नसे. पुढची माशी नेमकी डोक्यावर उभी राहील अशाच जागी पेच आवळून थांबला पाहिजे, आणि काडतुसाच्या मागे जागा कमी वा अधिक राहता कामा नये. अर्धा केस इकडेतिकडे झाले तरी नेम चुके. हे काम आजही यंत्रापेक्षा अनुभवी हातावर अधिक अवलंबून आहे.

जपानातील बंदुकीची पुढची कहाणी आपल्यासाठी वेदनादायक आहे. १६१४ साली मिशनऱ्यांना देशाबाहेर घालविण्याचा हुकूम निघाला. १६३७ मध्ये शिमाबारा येथील गांजलेले शेतकरी, ज्यांत बहुसंख्य ख्रिस्ती होते, उठले आणि हारा किल्ल्यात कोंडून घेऊन महिनोन्‌महिने लढले. त्यांच्यापाशीही तोड्याच्या बंदुका होत्या. १६३८ च्या नववर्षदिनी शोगुनाच्या सैन्याचा पहिला सेनापती हल्ला करताना त्यांच्या गोळीस बळी पडला. डच व्यापाऱ्यांनी शोगुनाच्या विनंतीवरून समुद्रातून किल्ल्यावर तोफा डागल्या. ख्रिस्ती विरुद्ध ख्रिस्ती, आणि मध्ये व्यापाराचा फायदा! वसंत ऋतूत किल्ला पडला आणि आतील हजारो स्त्री-पुरुष, मुले मारली गेली. त्यानंतर दोन शतके जपानात मोठी लढाई झाली नाही. बंदुकांची मागणी आटली, आणि कुनितोमोच्या लोहारांची ऐरण थंडावली.

त्याच गावात १७७८ साली कुनितोमो इक्कान्साई जन्मला. तो बंदूकवाल्यांच्या घराण्यातला. घराण्यातली नळी घडविण्याची कला त्याने तपशीलवार लिहून ठेवली, जी तोवर बाप मुलाला तोंडी सांगे. डच नमुना पाहून त्याने हवेच्या दाबाने चालणारी बंदूक केली. मग एदो शहरात एका सरदाराकडे त्याने परदेशी दुर्बीण पाहिली, ती त्याच्या मनातून जाईना. १८३२ च्या सुमारास त्याने स्वतः दुर्बीण घडविण्यास हात घातला. आरसा तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाचा ओतायचा, तो महिनोन्‌महिने घासून अचूक वक्र करायचा आणि पितळी नळीत बसवायचा. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या नळीचे अंतरंग घासून सरळ केले, त्याच्या हाताला हे काम परके नव्हते. त्याचे काही आरसे आजही काळवंडलेले नाहीत. १८३५ पासून वर्षाहून अधिक काळ त्याने आपल्या दुर्बिणीतून सूर्यावरील डागांचे निरीक्षण केले आणि त्यांची चित्रे दिवस व वेळ घालून काढली. तेव्हा देशात मोठा दुष्काळ होता. गावातील लोक उपाशी मरू लागले, तेव्हा त्याने आपल्या दुर्बिणी सरदारांना विकून धान्य आणले असे सांगतात. सूर्यडागांची ती चित्रे आजही उपलब्ध आहेत.